चौथ्या गुणसूत्राचे टोक : हंटिंग्टन आजाराच्या जनुकशोधाचा प्रकरण अभ्यास

मानवी जनुकांची स्थाननिश्चिती, म्हणजे कोणते जनुक कोणत्या गुणसूत्रावर नेमके कोठे आहे हे ठरवण्याचे काम, वैद्यकाला काय देते, हा प्रश्न निघाला की उत्तर बहुधा मोठ्या प्रकल्पांच्या आकड्यांतून दिले जाते. मानवी जीनोम प्रकल्प, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएचा अक्षरक्रम वाचण्याचा प्रकल्प, १९९० मध्ये सुरू झाला, २००३ मध्ये तो पूर्ण झाल्याचे जाहीर झाले आणि माणसात प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २०,०००च आहेत हे लक्षात आले, इतके सर्वसाधारण वाचकाला ठाऊक असते. परंतु एखाद्या जनुकाचा ठावठिकाणा लागल्यावर रुग्णाच्या आयुष्यात काय बदलते, किती काळाने बदलते आणि काय मुळीच बदलत नाही, हे पाहायचे असेल तर एकाच आजाराचा माग शेवटपर्यंत काढावा लागतो. हंटिंग्टन आजार हा मेंदूचा आनुवंशिक विकार येथे त्यासाठीच निवडला आहे. जनुकाविषयी आधी कोणताही सुगावा नसताना, केवळ डीएनएवरील खुणांच्या आधारे ज्यांचे गुणसूत्रावरील स्थान ठरले, अशा आजारांत तो अग्रक्रमाने येतो आणि त्या घटनेला आता चार दशके उलटली आहेत. या प्रकरणातून जे दिसते ते अपेक्षेपेक्षा थोडे वेगळे आहे. जनुक सापडल्यावर प्रथम हाती आले ते भाकीत, उपचार नव्हे. आणि उपचाराची आज सर्वांत आश्वासक वाटणारी एक वाट त्या जनुकातून नव्हे, तर त्याच्याशी वरकरणी काही संबंध नसलेल्या इतर जनुकांच्या स्थाननिश्चितीतून निघाली.

आजार आणि अडलेला प्रश्न

नुकतीच वैद्यकीय पदवी घेतलेले अमेरिकी डॉक्टर जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ मध्ये या आजाराचे नेमके वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे वडील आणि आजोबाही लाँग आयलंडवरील ईस्ट हॅम्प्टन येथे डॉक्टर असल्याने काही बाधित घराण्यांच्या अनेक पिढ्यांची निरीक्षणे त्यांना घरातच उपलब्ध होती. हातापायांच्या अनावर हालचाली, बुद्धीचा आणि मनोवृत्तीचा क्रमाक्रमाने होणारा ऱ्हास आणि आजाराचे आनुवंशिक स्वरूप ही तीनही लक्षणे त्यांनी नोंदवली. एखाद्या पिढीत आजार आला नाही तर त्या शाखेत तो पुन्हा उद्भवत नाही, हेही त्यांनी लिहून ठेवले. मेंडेलचे नियम तोपर्यंत विज्ञानजगताच्या लक्षात आलेले नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेतली तर या निरीक्षणाचे मोल कळते.

हे जनुक प्रभावी प्रकारचे आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून त्याची सदोष प्रत आली तरी आजार होतो, म्हणून बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. लक्षणे बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान दिसू लागतात, म्हणजे तोपर्यंत पुढची पिढी जन्मलेली असते, आणि लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणपणे १५ ते २० वर्षांत मृत्यू ओढवतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शवविच्छेदनातून एवढे कळले होते की मेंदूच्या खोल भागातील स्ट्रायेटम या केंद्रातील चेतापेशी सर्वाधिक नष्ट होतात. त्या का नष्ट होतात याचा मात्र पत्ता नव्हता. कोणते प्रथिन बिघडले आहे हेच माहीत नसल्यामुळे रसायनशास्त्राच्या वाटेने पुढे जाण्याची सोय नव्हती. उलट्या दिशेने जाणे, म्हणजे आधी जनुकाची जागा शोधणे, मग जनुक आणि मग प्रथिन, एवढाच मार्ग उरला होता, आणि १९७० च्या दशकात तो अनेकांना अव्यवहार्य वाटत असे.

माराकाइबो सरोवराकाठची वंशावळ

१९६८ मध्ये मनोविश्लेषक मिल्टन वेक्सलर यांच्या पूर्वपत्नी लिओनोर यांना हा आजार असल्याचे निदान झाले आणि त्याच वर्षी वेक्सलर यांनी आनुवंशिक आजारांवरील संशोधनासाठी एक संस्था उभी केली. त्यांची कन्या नॅन्सी वेक्सलर या मानसशास्त्रज्ञ होत्या आणि अर्थातच स्वतः ५० टक्के जोखमीच्या छायेत होत्या. १९७२ मध्ये, हंटिंग्टन यांच्या निबंधाच्या शताब्दीनिमित्त ओहायो राज्यात भरलेल्या परिषदेत, व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या वस्त्यांचे चित्रीकरण दाखवण्यात आले. तेथील डॉक्टर अमेरिको नेग्रेते यांनी १९५० च्या दशकातच ओळखले होते की मद्यपी म्हणून हिणवली जाणारी ही झोकांडणारी माणसे प्रत्यक्षात हंटिंग्टनचे रुग्ण आहेत. जगात इतरत्र कोठेही एका प्रदेशात इतके रुग्ण आढळलेले नव्हते.

नॅन्सी वेक्सलर १९७९ मध्ये प्रथम तेथे गेल्या तेव्हा त्यांचा हेतू जनुकाची जागा शोधण्याचा नव्हता. आई आणि वडील दोघेही बाधित असलेली आणि दोघांकडूनही सदोष प्रत मिळालेली व्यक्ती त्यांना हवी होती, कारण अशा व्यक्तीत बिघाड अधिक ठळक दिसेल आणि त्यावरून मूळ दोष ओळखता येईल, अशी अटकळ होती. अशा व्यक्ती पुढे आढळल्या. परंतु १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचा आजार एकच सदोष प्रत असलेल्यांपेक्षा उघडपणे वेगळा नव्हता. मूळ अटकळ फसली. त्या अटकळीपायी सुरू झालेल्या दौऱ्यांचे फलित मात्र निराळेच निघाले.

१९८१ पासून दरवर्षी संशोधकांचे पथक बारांकितास, लागुनेतास आणि सान लुईस या वस्त्यांत जाऊ लागले. कोण कोणाचे अपत्य, कोण कोणत्या वयात आजारी पडले, कोण निरोगी राहिले, याच्या नोंदी घेत वंशावळ वाढत गेली आणि कालांतराने तिच्यात १८,००० हून अधिक व्यक्तींचा समावेश झाला. त्यांतील बहुतेक रुग्णांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी त्या भागात राहिलेल्या एकाच स्त्रीपर्यंत मागे नेता आली. चार हजारांहून अधिक जणांनी रक्ताचे नमुने दिले. परक्या देशातून आलेल्या डॉक्टरांना लोक रक्त का देतील, हा प्रश्न सुरुवातीला होताच. आपल्याही घरात हा आजार आहे हे सांगून नॅन्सी वेक्सलर यांनी त्वचेचा नमुना काढल्याचा स्वतःच्या दंडावरील व्रण लोकांना दाखवला, त्याचा परिणाम झाला, असे या मोहिमेच्या अनेक वृत्तांतांत नोंदलेले आहे. प्रयोगशाळेतील तंत्राला या प्रकरणात जेवढे श्रेय मिळाले त्या मानाने या वंशावळीला कमी मिळाले, असे माझे मत आहे. तंत्र दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत आज ना उद्या तयार झालेच असते, पण एवढे विस्तीर्ण कुटुंब दुसरीकडे नव्हते.

डीएनएवरील खुणा

डेव्हिड बॉटस्टीन, रेमंड व्हाइट, मार्क स्कोलनिक आणि रोनाल्ड डेव्हिस यांनी १९८० मध्ये एक कल्पना मांडली. डीएनए ठरावीक अक्षरक्रमावर कापणारी विकरे वापरली तर प्रत्येक व्यक्तीच्या डीएनएचे तुकडे पडतात आणि काही ठिकाणी या तुकड्यांची लांबी व्यक्तीव्यक्तीत वेगळी असते. हा फरक आरोग्यावर काही परिणाम करीत नसला तरी तो पिढ्यांमधून वारशाने जातो, म्हणून खूण म्हणून वापरता येतो. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची देवाणघेवाण होते. दोन जागा एकमेकींपासून दूर असतील तर या देवाणघेवाणीत त्यांची ताटातूट होते, अगदी जवळ असतील तर त्या बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. तेव्हा एखादी खूण आजाराबरोबर पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करताना दिसली, तर आजाराचे अज्ञात जनुक तिच्याजवळच असले पाहिजे. मुक्कामाचे गाव ठाऊक नसताना त्याच्या जवळचा मैलाचा दगड सापडावा, तसा हा प्रकार.

बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जेम्स गुसेला यांनी हा शोध हाती घेतला. सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या जीनोममध्ये त्या वेळी अशा खुणा मूठभरच उपलब्ध होत्या, त्यामुळे या कामाला दशकभर तरी लागेल असे अनेकांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तपासलेल्या पहिल्या डझनभर खुणांमधील ‘जी-८’ ही खूण आजाराशी निगडित निघाली. इंडियाना विद्यापीठातील मायकेल कॉनीली यांनी केलेल्या विश्लेषणात, खूण आणि आजार यांची सोबत योगायोगाची नसल्याची खात्री दर्शवणारा ३ हा सांख्यिकीय गुण स्वीकारार्हतेसाठी पुरेसा मानला जात असताना, येथे तो ८च्या पुढे गेला. ही खूण चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे निश्चित झाले आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या यशात नशिबाचा वाटा उघड आहे आणि तो संशोधकांनीही नाकारलेला नाही. मात्र एक तपशील अधिक महत्त्वाचा आहे. व्हेनेझुएलातील कुटुंबात आजाराबरोबर या खुणेचा एक प्रकार जात होता, तर अमेरिकेतील कुटुंबात दुसराच प्रकार जात होता. म्हणजे खूण हे आजाराचे कारण नव्हते. ती केवळ शेजारी होती, आणि कोणत्या घरात खुणेचा कोणता प्रकार आजाराबरोबर जातो हे त्या घरातील अनेक नातेवाइकांचे रक्त तपासल्याशिवाय कळणे शक्य नव्हते.

दहा वर्षांचा विलंब

जनुकाची जागा इतक्या लवकर कळल्यावर जनुक हाती यायला आणखी दहा वर्षे लागावीत, हे आजच्या विद्यार्थ्याला विचित्र वाटेल. ही खूण प्रत्यक्ष जनुकापासून लाखो अक्षरे दूर होती आणि मधल्या प्रदेशाचा वाचलेला अनुक्रम कोणाकडेच नव्हता. त्यातच मोजक्या कुटुंबांतील देवाणघेवाणीच्या नोंदी परस्परविरोधी निघाल्या. काही नोंदींनुसार जनुक चौथ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेच्या अगदी टोकाला असायला हवे होते, तर इतर नोंदी ते त्याहून आत असल्याचे सुचवीत होत्या. टोकाचा प्रदेश पिंजून काढण्यात काही वर्षे गेली आणि तेथे काही मिळाले नाही. पुढे वेगवेगळ्या कुटुंबांतील बाधित गुणसूत्रांवरील खुणांचे समान संच ताडून पाहिल्यावर शोध सुमारे पाच लाख अक्षरांच्या एका आतल्या पट्ट्यावर केंद्रित करता आला.

मार्च १९९३ मध्ये सहा प्रयोगशाळांतील ५८ संशोधकांच्या संयुक्त गटाने जनुक सापडल्याचे जाहीर केले. त्यात सी, ए आणि जी या तीन अक्षरांचा क्रम लागोपाठ अनेकदा येतो. बहुसंख्य लोकांत ही आवर्तने २६ किंवा त्याहून कमी असतात. ती ४० किंवा अधिक असतील तर सामान्य आयुर्मान लाभलेल्या व्यक्तीला आजार होतोच असे मानले जाते. ३६ ते ३९ या टप्प्यात तो होईल किंवा होणारही नाही, तर २७ ते ३५ या टप्प्यात स्वतःला सहसा होत नाही, पण आवर्तने पुढच्या पिढीत वाढू शकतात. ही वाढ वडिलांकडून वारसा येताना अधिक प्रमाणात होते. ६०च्या पुढे गेलेली आवर्तने बहुधा बालवयातील किंवा पौगंडावस्थेतील आजाराशी निगडित असतात. एकच व्याधी एका पिढीत पन्नाशीत आणि पुढच्या पिढीत विशीत का येते, या जुन्या कोड्याचा उलगडा असा एका मोजणीतून झाला. या जनुकापासून तयार होणाऱ्या प्रथिनाला हंटिंग्टिन हे नाव मिळाले. ते ३,१०० हून अधिक अमिनो आम्लांचे प्रचंड प्रथिन आहे आणि पेशीत अनेक कामांत गुंतलेले असल्याने त्याचे नेमके कार्य आजही पुरते उलगडलेले नाही.

भाकीत आले, उपचार आला नाही

लक्षणे दिसण्यापूर्वीची चाचणी १९८६ पासून, जवळच्या खुणांच्या आधारे, काही केंद्रांत सुरू झाली होती. तिला नातेवाइकांचे रक्त लागे आणि उत्तर संभाव्यतेच्या स्वरूपात मिळे. १९९३ नंतर एकाच व्यक्तीच्या रक्तातील आवर्तने मोजणे पुरेसे झाले आणि उत्तर जवळजवळ निःसंदिग्ध झाले. चाचणी उपलब्ध होण्यापूर्वी घेतलेल्या पाहण्यांत जोखमीच्या छायेतील बहुसंख्य लोकांनी ती करून घेण्याची इच्छा दर्शवली होती. ती प्रत्यक्षात आल्यावर बहुतेक देशांत पाचांतील एकानेही ती करून घेतली नाही. यातून लोकांच्या बोलण्यात विसंगती होती असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. उपचार उपलब्ध नसताना उत्तर होकारार्थी आले तर ते पुढची दोन-तीन दशके सोबत बाळगावे लागते, आणि हे ओझे कल्पनेत तोलणे वेगळे व प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून तोलणे वेगळे.

या चाचणीसाठी जी पद्धत घडत गेली ती आज इतर अनेक आनुवंशिक आजारांसाठी आदर्श मानली जाते. चाचणीपूर्वी समुपदेशनाच्या बैठका, मधे विचार करण्यासाठी अवधी, कोणत्याही टप्प्यावर माघार घेण्याची मुभा, निष्कर्ष समक्षच सांगण्याचा आग्रह आणि लक्षणे नसलेल्या अल्पवयीन मुलांची चाचणी न करण्याचा नियम, या बाबी १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत समाविष्ट झाल्या. तरीही काही पेच नियमांनी सुटत नाहीत. आजोबांना आजार असलेल्या नातवाने चाचणी करून घेतली आणि ती होकारार्थी आली, तर आपले काय हे कधीच जाणून घेऊ न इच्छिणाऱ्या त्याच्या वडिलांचे उत्तरही आपोआप उघड होते. विम्याचा प्रश्नही असाच अर्धवट सुटला आहे. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरी यांबाबत जनुकीय माहितीच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई केली, पण आयुर्विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

या चाचणीमुळे मानसिक हानी मोठ्या प्रमाणावर होईल ही भीती मात्र बऱ्याच अंशी अनाठायी ठरली. कॅनडातील रुग्णगटावर आधारलेल्या १९९२ च्या अभ्यासात, एका वर्षानंतर, जोखीम वाढल्याचे कळलेल्यांचीही मनःस्थिती अनिश्चिततेतच राहिलेल्यांपेक्षा वाईट नसल्याचे आढळले. अर्थात चाचणीसाठी पुढे येणारे लोक मुळातच आपल्या मनाची तयारी करून आलेले असतात, त्यामुळे हा निष्कर्ष सर्वांना सरसकट लावता येणार नाही.

इतर जनुकांची साक्ष

जनुक हाती आल्यावर प्रयोगशाळांत काम वेगाने पुढे सरकले. १९९६ मध्ये मानवी जनुकाचा सदोष भाग घातलेले उंदीर तयार झाले आणि २००० मध्ये उंदरांत सदोष जनुक मध्येच बंद केल्यास लक्षणे काही प्रमाणात मागे फिरतात असे दिसले. प्रथिनाचे उत्पादन कमी करणे हाच उपचाराचा स्वाभाविक मार्ग मानला गेला. तरी एक गोष्ट टोचत राहिली. आवर्तनांची संख्या सारखी असलेल्या दोन व्यक्तींत आजार सुरू होण्याच्या वयात दहा-वीस वर्षांचाही फरक पडू शकतो. माराकाइबो येथील नोंदींच्या २००४ च्या विश्लेषणाने या फरकाचा काही भाग इतर जनुकांमुळे असल्याचे दाखवले होते, पण ती जनुके कोणती हे सांगण्याइतकी साधने तेव्हा नव्हती.

येथे जीनोम प्रकल्पाचा खरा उपयोग झाला. संपूर्ण अनुक्रम आणि त्यातील सर्वसामान्य फरकांची सूची उपलब्ध असल्यामुळे हजारो रुग्णांचा संपूर्ण जीनोम चाळून, कोणते फरक असलेल्या रुग्णांत आजार लवकर आणि कोणते असलेल्यांत उशिरा सुरू होतो, हे पाहता आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा पहिल्या मोठ्या अभ्यासात पंधराव्या गुणसूत्रावरील एफएएन-१ या जनुकाजवळची जागा ठळकपणे पुढे आली, आणि २०१९ मध्ये ९,००० हून अधिक रुग्णांच्या अभ्यासात एमएसएच-३, एमएलएच-१, पीएमएस-२ यांसारख्या जनुकांची भर पडली. ही सर्व जनुके डीएनएच्या दुरुस्तीशी संबंधित आहेत. त्याच अभ्यासात असेही दिसले की आजाराची वेळ ठरवण्यात प्रथिनातील ग्लुटामिनच्या (या आवर्तनांमुळे प्रथिनात जोडल्या जाणाऱ्या अमिनो आम्लाच्या) साखळीची लांबी नव्हे, तर डीएनएतील अखंडित आवर्तनांची लांबी निर्णायक असते.

या एका निरीक्षणाने आजाराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. विशिष्ट चेतापेशींत दुरुस्ती यंत्रणेच्याच चुकीमुळे आवर्तने आयुष्यभर वाढत जातात, असा त्याचा अर्थ निघतो. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंतील एकेक पेशी तपासून २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की जन्मतः ४० च्या आसपास असलेली आवर्तने स्ट्रायेटममधील चेतापेशींत अनेक दशके संथपणे वाढत ८० च्या घरात जातात, मग वाढीचा वेग एकदम चढतो आणि सुमारे १५० ओलांडल्यावरच पेशीचा कारभार बिघडू लागतो. हा निष्कर्ष टिकून राहिला, तर वारशाने आलेले जनुक दीर्घकाळ जवळजवळ निरुपद्रवी असते असे म्हणावे लागेल. आणि मग प्रथिन कमी करण्याऐवजी आवर्तनांची वाढ रोखणे हे अधिक योग्य लक्ष्य ठरू शकेल. एमएसएच-३ त्या दृष्टीने विशेष आकर्षक आहे, कारण त्याचे कार्य मंदावल्यास आवर्तने कमी वेगाने वाढतात. वंशावळीतून एक जनुक शोधण्याच्या तंत्राने ही माहिती कधीच मिळाली नसती, आणि ते पहिले जनुक सापडले नसते तर हा प्रश्न विचारताही आला नसता.

उपचारांची सद्यःस्थिती

अनावर हालचाली कमी करणारी औषधे आहेत, टेट्राबेनाझिनला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यताही मिळाली, पण ती आजाराची वाटचाल थांबवत नाहीत. हंटिंग्टिनचे उत्पादन कमी करणाऱ्या टोमिनर्सेन या औषधाची मोठी चाचणी मार्च २०२१ मध्ये थांबवावी लागली. अधिक वेळा मात्रा घेतलेल्यांची स्थिती औषधाविना असलेल्यांपेक्षाही खालावली होती. मेंदूत शस्त्रक्रियेद्वारे एकदाच सोडल्या जाणाऱ्या एएमटी-१३० या जनुकीय उपचाराने आजाराची गती तीन वर्षांत ७५ टक्क्यांनी मंदावल्याचे सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी जाहीर केले. तथापि, हा आकडा मोठी मात्रा मिळालेल्या केवळ १२ रुग्णांवर आधारलेला असून तुलना चाचणीबाहेरील रुग्णांच्या नोंदींशी केलेली आहे. त्याला निर्णायक पुरावा म्हणणे घाईचे होईल.

ज्यांच्या रक्तावर हे सारे उभे राहिले त्या वस्त्यांच्या वाट्याला फार थोडे आले. १९९९ मध्ये माराकाइबो येथे रुग्णांसाठी सुरू झालेले शुश्रूषागृह पुढे निधीअभावी बंद पडले आणि संशोधकांचे वार्षिक दौरे २००२ नंतर चालू राहू शकले नाहीत. नॅन्सी वेक्सलर यांनी आपल्यालाही हा आजार असल्याचे २०२० मध्ये जाहीर केले.

यापुढील औषधचाचण्यांपुढची अडचण तांत्रिक कमी आणि मानवी अधिक आहे. चेतापेशी मरण्यापूर्वी उपचार सुरू व्हावा म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांनी आजाराच्या टप्प्यांची नवी व्याख्या केली. तिच्यात ४० किंवा अधिक आवर्तने असलेली, पण कोणतेही लक्षण वा मेंदूतील बदल नसलेली व्यक्तीही शून्याव्या टप्प्यात गणली जाते. आवर्तनांची वाढ रोखणाऱ्या औषधाची परीक्षा अशाच व्यक्तींवर घ्यावी लागेल, म्हणजे त्यांना आधी स्वतःची संख्या जाणून घ्यावी लागेल. जोखमीच्या छायेतील पाचांपैकी चारांहून अधिक लोकांनी आजवर नेमके तेच टाळले आहे, आणि अद्याप सिद्ध न झालेल्या औषधाच्या आशेवर त्यांनी तो निर्णय बदलावा का, हे सांगण्याचा अधिकार समुपदेशकालाही नाही.